पुन्हा लग्न केलं तर मुलीची पोटगी बंद होते का? (पुणे, कौटुंबिक न्यायालय)

अबोली_कोथरूड:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझा घटस्फोट २०२१ मध्ये संमतीने झाला, शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात. मुलगी माझ्याकडे असते, आता तिसरीत आहे. तिचे बाबा पिंपळे सौदागरला राहतात, आयटीत आहेत. दरमहा २२,००० रुपये माझ्या खात्यात येतात. कधी ५ तारखेला, कधी २० तारखेला, पण येतात, त्याबद्दल तक्रार नाही. एक रविवार आड ती त्यांच्याकडे जाते, तेही सुरळीत चाललंय.

दिवाळीनंतर मी पुन्हा लग्न करतेय. मुलीला सगळं माहीत आहे, तिचं आणि त्याचं छान जमतं. तिच्या बाबांना बाहेरून कळायला नको म्हणून मीच फोन करून सांगितलं. फोनवर नीट बोलले. नंतर व्हॉट्सॅपवर हे आलं, जसंच्या तसं देतेय: "अभिनंदन. लग्नाच्या महिन्यापासून ट्रान्सफर बंद करतोय. आता घरात कमावता पुरुष आहे, मी डबल बोजा का उचलू?"

असं बंद करता येतं का? मुलीची जबाबदारी कायद्याने माझ्या होणाऱ्या नवऱ्यावर जाते का? माझी आई म्हणते, जाऊ दे ना, नव्या घरात जुन्याचे पैसे कशाला. मला मात्र ते पटत नाहीये, आणि का पटत नाही ते तिला नीट सांगताही येत नाहीये.

शनिपार:

"कमावता पुरुष" म्हणे! म्हणजे आजवर घर चालवत होतात ते काय लोणची घालून? असो. आपले वकीलसाहेब काळाकोट येतीलच, तोवर मी कोपऱ्यात बसतो.

सुमतीकाकू:

अबोली, आधी मनापासून अभिनंदन गं. सुखी राहा.

आता रागावू नकोस, पण मला तुझ्या आईचं थोडं पटतं. आमच्या नात्यात अशीच एक मुलगी आहे. दुसरं लग्न झालं तरी पहिल्याकडून पैसे येत राहिले, आणि मग दर महिन्याला त्यावरून घरात कुरबूर. नव्या नवऱ्याने तोंडाने कधी काही म्हटलं नाही, सासूबाईंनी मात्र म्हटलं. पैशापेक्षा घरातली शांतता मोठी असं आपलं माझं मत.

शनिपार:

काकू, शांतता मोठी हे खरं, पण शाळेची फी शांततेत भरता येत नाही हो. हलके घ्या.

काळाकोट:

अबोलीताई, अभिनंदन. बाररूममध्ये बसून फोनवर टाइप करतोय, माझ्या केसचा पुकारा कधी होईल सांगता येत नाही, त्यामुळे तुकड्यातुकड्यांत लिहीन.

आधी उत्तर: नाही, असं बंद करता येत नाही. कोर्टाच्या हुकुमाने सुरू झालेली रक्कम व्हॉट्सॅपवरून थांबत नसते.

आता कारण. तुम्हाला मिळणारी पोटगी आणि मुलीला मिळणारी पोटगी हे दोन स्वतंत्र हक्क आहेत. तुमचा हक्क तुमच्या लग्नातून आलेला. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं, ते घटस्फोटित बाईला पोटगीचा हक्क देतं तो तिने पुन्हा लग्न केलेलं नाही तोवरच. केलं, तर तिच्या नावचा हुकूम पुनर्विवाहाच्या तारखेपासून रद्द करण्याची तरतूद आहे, कलम १४६ मध्ये (जुनं १२७). हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्येही पुनर्विवाह झाल्यास कायमस्वरूपी पोटगीचा हुकूम बदलायची किंवा रद्द करायची मुभा कोर्टाला आहे. म्हणजे तुमच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतं तुमच्या माजी पतींचं म्हणणं अगदीच हवेत नाही.

मुलीचं तसं नाही. ती त्यांची मुलगी आहे यातून तिचा हक्क येतो. तुम्ही कुणाशी लग्न केलंत किंवा त्यांनी कुणाशी केलं, तरी त्यात काही फरक पडत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६, कलम २०: आईबापांनी अज्ञान (म्हणजे १८ वर्षांखालच्या) मुलांना सांभाळायचं, आणि अविवाहित मुलीला स्वतःच्या उत्पन्नातून किंवा मालमत्तेतून भागवता येत नसेल तर सज्ञान झाल्यावरही. आई पुन्हा बोहल्यावर चढली की बाप मोकळा, अशी ओळ त्यात कुठेही नाही. सावत्र वडिलांवरही या कलमाने भार टाकलेला नाही. ते प्रेमाने करतील ते निराळं, पण त्यामुळे जन्मदात्याचं देणं फिटत नाही.

पुकारा झाला. येतो.

भावा_भावा:

म्हणजे बाईने लग्न करावं, मजा करावी आणि जुन्याने ईएमआय भरल्यासारखे पैसे भरत राहावं. वा रे कायदा. पैसे पोरीवर खर्च होतात का बाईच्या पार्लरवर हे कोण बघतं? पुरुषांच्या बाजूने बोलणारा एक माणूस नाही या संस्थळावर.

अबोली_कोथरूड:

@भावा_भावा, मी स्वतः नोकरी करते, आणि २२,००० मध्ये शाळेची वर्षाची फीसुद्धा बसत नाही. पार्लरचं मी बघते.

@काळाकोट, खूप खूप धन्यवाद. अजून लिहा.

चाकोरी:

भावा, खर्चाबद्दलची शंका अगदीच अस्थानी नाही, पण त्यावर पैसे अडवणं हा उपाय नव्हे. फी थेट शाळेच्या खात्यात भरू द्या, विम्याचा हप्ता थेट भरू द्या, असं कोर्टाला सांगता येतं. संमतीच्या अटींतच (घटस्फोटाच्या वेळी दोघं सही करून कोर्टात देतात त्या) तसं लिहून घेणारे बाप माझ्या ओळखीत आहेत. पावती त्यांच्याच नावावर फाटते, कटकट संपते.

काळाकोट:

आलो. पुढची तारीख घेतली, दुसरं काय.

ताई, आता तुमच्याकडून एक गोष्ट हवी. संमतीच्या अटींमध्ये त्या २२,००० चा परिच्छेद नेमका कसा लिहिलाय? नावं गाळा, पण शब्द एकही बदलू नका.

अबोली_कोथरूड:

फाइल काढली. असं आहे:

"अर्जदार क्र. २ (पती) हे अर्जदार क्र. १ (पत्नी) व अज्ञान मुलगी यांच्या निर्वाहापोटी एकत्रित रक्कम रु. २२,०००/- (अक्षरी रुपये बावीस हजार फक्त) दरमहा १० तारखेपर्यंत अर्जदार क्र. १ यांच्या बँक खात्यात जमा करतील."

शिक्षणाचं, औषधपाण्याचं वेगळं काही नाही. त्या वेळी ती बालवाडीतही जात नव्हती. सही करताना एवढंच डोक्यात होतं, की हे एकदाचं संपू दे.

काळाकोट:

ही भीती होतीच. शिवाजीनगरला असे परिच्छेद ढिगाने सापडतात. समेट होत आलेला असतो, दोन्हीकडचे वकील घाईत, मग एकच आकडा टाकून मोकळे होतात. चार वर्षांनी कुणीतरी पुन्हा लग्न करतं आणि भांडण सुरू होतं, की यात तुझे किती आणि पोरीचे किती.

तुमच्या माजी पतींचे वकील म्हणतील, यातले १५,००० बायकोचे होते, ते गेले, उरले ७,०००. तुमचे वकील उलटं म्हणतील. कागदावर दोन्ही बसतं. पण हे ठरवणार कोर्ट. ते ठरवेपर्यंत सबंध २२,००० चा हुकूम जिवंत आहे, आणि त्यांनी परस्पर कमी पैसे टाकले तर उरलेली रक्कम थकबाकी म्हणून चढत जाईल.

मी तुमच्या जागी असतो तर त्यांच्या अर्जाची वाट पाहिली नसती. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, निर्वाह, शिक्षण यांबद्दलचा हुकूम घटस्फोटानंतरही वेळोवेळी बदलून मागता येतो, आणि तो अर्ज घटस्फोट जिथे झाला त्याच कोर्टात चालतो. त्यात मुलीची रक्कम वेगळी करून मागा. शाळा सुरू झाल्याने खर्च वाढलाय तर वाढवूनही मागा. स्वतःच्या हिश्श्यावरचा हक्क पुनर्विवाहाच्या तारखेपासून सोडते असं तुम्हीच लिहून दिलंत तर उत्तम. न्यायाधीशांसमोर चित्र स्वच्छ होतं.

शनिपार:

मूर्ख प्रश्न: लग्नाचं सांगितलंच नसतं तर? पैसे आपले येत राहिले असते.

काळाकोट:

मूर्ख नाही, दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. आणि दरवेळी मी हात जोडतो.

पोटगीच्या कुठल्याही अर्जासोबत आता दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालात त्याचा नमुनाच आखून दिलाय. ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलंच, नागपूरचं. नोकरी, पगार, बँक खाती, दागिने, कर्ज, अवलंबून असलेली माणसं, सगळं लिहायचं. खोटं लिहिलं तर खोट्या साक्षीची कारवाई होऊ शकते, हेही त्याच निकालात आहे. लग्न लपवून स्वतःची पोटगी घेत राहिलेल्या बाईची मुलीची बाजूही कमकुवत होते, कारण मग तिच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास उरत नाही. अबोलीताईंनी सांगून टाकलं हे सर्वांत बरं केलं.

चाकोरी:

त्या प्रतिज्ञापत्राबद्दल थोडं, कारण माझं रोजचं काम आकड्यांचं आहे आणि ओळखीतल्या दोघा-तिघांचे मी भरून दिलेत.

लोक "मुलीचा खर्च अंदाजे ३०,०००" असं लिहून येतात. अंदाजे लिहू नका. फीच्या पावत्या, व्हॅनवाल्या काकांना दर महिन्याला पाठवलेले पैसे, गणवेश, वह्या-पुस्तकं, क्लास, दाताच्या डॉक्टरांचं बिल, वाढदिवससुद्धा. व्हॅनवाले काका पावती देत नाहीत, पण यूपीआयवर नोंद असतेच, ती छापून जोडा. शाळेची फी दोन-तीन हप्त्यांत जाते, ती बाराने भागून महिन्याची काढा. घरभाड्यात, किराण्यात, विजेत मुलीचा वाटा किती धरायचा यावर वाद होतो, तिथे वाजवी धरा. सगळं भाडं मुलीच्या नावावर टाकलंत की समोरचा वकील खूश.

तुम्ही कमावता, तेव्हा भार तुमच्यावरही येईल हे धरून चला. पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा, सन २०००. आईबाप दोघं नोकरीला होते, सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा खर्च बापाने दोन आणि आईने एक अशा प्रमाणात वाटून दिला, कारण पगारही साधारण त्याच प्रमाणात होते. रजनीश निकालातही आहे, की शिक्षणाचा खर्च सामान्यतः बापाने करावा, पण आई पुरेसं कमावत असेल तर प्रमाणात वाटावा. तुमचा आणि त्यांचा पगार शेजारी शेजारी लिहून बघा, आकड्याचा अंदाज येईल.

निगडीचा_नाद:

गेले दोन दिवस नुसता वाचतोय. आता लिहितो, कारण मी दुसऱ्या बाजूचा आहे. शिव्या कमी घाला.

पहिल्या लग्नाचा मुलगा आहे, सातवीत, आईकडे असतो. त्याच्यासाठी १८,००० देतो. नुसत्या त्याच्यासाठी, बायकोची एकरकमी झाली तेव्हाच. मी पुन्हा लग्न केलं, घरात आता आठ महिन्यांची मुलगी आहे. मिसेसनी नोकरी सोडलीय. फ्लॅटचा हप्ता ३१,०००. महिन्याच्या २५ तारखेला खात्यात काय उरतं ते सांगत नाही, लाज वाटते.

ऑफिसात एकजण म्हणाला, दुसरं मूल झालं की पहिल्याची पोटगी आपोआप कमी होते. खरंय का? पोराचं तोंडचं काढून घ्यायचं नाहीये मला. पण ही पण माझीच आहे ना.

भावा_भावा:

घ्या. आता बोला.

सुमतीकाकू:

निगडीकर, शिव्या कोण घालतंय. तुम्ही इतकी वर्षं देताय हेच पुष्कळांना जमत नाही.

काळाकोट:

आपोआप काहीच होत नाही, ना त्यांच्या बाजूने, ना तुमच्या. पण परिस्थिती बदलली म्हणून कमी करून मागायचा अधिकार तुम्हालाही आहे, आणि नवं मूल ही खरी बदललेली परिस्थिती आहे.

नेमकं असं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. कल्याण डे चौधरी विरुद्ध रीटा डे चौधरी, २०१७, कोलकात्याकडचं. उच्च न्यायालयाने पत्नी आणि मुलासाठीची रक्कम १६,००० वरून २३,००० केली होती. सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याचं दुसरं लग्न आणि त्यातलं मूल लक्षात घेऊन ती २०,००० वर आणली. हा निकाल लोक निव्वळ पगाराच्या २५ टक्क्यांसाठी सांगतात, पण तो २५ टक्क्यांचा उल्लेख पत्नीच्या पोटगीबद्दल आहे आणि ते पक्कं गणित म्हणून वापरता येत नाही. तुमच्या कामाचं त्यात इतकंच: दुसऱ्या कुटुंबाचा विचार झाला, फरक ३,००० चा पडला, आणि रक्कम तरीही मूळ १६,००० च्या वरच राहिली. त्यातून जो अर्थ काढायचा तो काढा.

फ्लॅटच्या हप्त्याच्या भरवशावर राहू नका. स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते पोटगीच्या आधी, असं कोर्ट सहसा मानत नाही. पीएफ, आयकर अशा सक्तीच्या कपाती वेगळ्या. मिसेसची नोकरी सुटलीय हेही तुम्हाला वाटतं तेवढं उपयोगी पडणार नाही. शिकलेल्या आहेत, काल कमावत होत्या, उद्या कमावतील, असं समोरून येणारच. तेच उलट बाजूनेही लागू: त्या कमावत्या झाल्या तरी त्यांचा पगार तुमच्या पगारात मिळवून मुलाची पोटगी काढली जात नाही. पण तुमच्या डोक्यावरचा घरखर्च हलका झाला हे दिसतंच.

निगडीचा_नाद:

म्हणजे अर्ज करू की नको?

काळाकोट:

मुलगा सातवीत आहे म्हणालात. तुम्ही कमी करून मागितलंत की त्याची आई वाढवून मागेल, आणि सहावी-सातवीच्या फीच्या पावत्या तिच्याकडे आहेत. १८,००० किती वर्षांपूर्वी ठरले होते ते सांगा, मग बोलू.

निगडीचा_नाद:

२०१९.

चाकोरी:

दादा, गप्प बसा. स्पष्टच सांगतो.

रानवारा:

मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही. सुमतीकाकूंचा पहिला प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. काकू, तुमच्यावर राग नाही.

मी दहा वर्षांची असताना आईने दुसरं लग्न केलं. बाबांचे पैसे त्याच महिन्यात थांबले. आईने वकिलाकडे जायचं नाही असं ठरवलं, नको त्याचे पैसे म्हणाली. घरात सगळे तिला स्वाभिमानी म्हणायचे. माझे सावत्र बाबा फार भला माणूस, सगळं केलं त्यांनी माझं. पण अकरावीच्या प्रवेशाला कॉलेज निवडताना मी स्वस्तातलं कोणतं ते आधी बघितलं. मला कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. त्यांची स्वतःची दोन लहान मुलं होती आणि मी त्यांच्या ताटातलं घेतेय असं मला आपोआप वाटायचं. तिकडे बाबा वाकडला दुसरा फ्लॅट घेत होते.

ते पैसे आईचे नव्हते. माझे होते. सोडून देताना मला कुणी विचारलं नाही.

अबोलीताई, तुमच्या आईला काय सांगायचं विचारत होतात ना.

सुमतीकाकू:

वाचलं गं. मी माझं म्हणणं मागे घेते. सासूबाईंना काय वाटेल याचाच विचार करत बसले, त्या लेकराच्या बाजूने मी पाहिलंच नाही.

अबोली, मग असं कर. हे पैसे घरखर्चाच्या खात्यात घेऊच नकोस. मुलीच्या नावाचं खातं उघड, तू पालक म्हणून राहा, आणि रक्कम तिथेच जमा होऊ दे. घरात कुणाला बोट दाखवायला जागा नको. आणि ती दहाची व्हायच्या आत सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं नसशील तर उघड, दहा पूर्ण झाल्यावर उघडता येत नाही.

काळाकोट:

रानवारा, लिहिलंत ते फार बरं केलंत. कायद्यातही तसंच आहे. आईने संमतीच्या अटींत "मुलीसाठी काहीही मागणार नाही" असं लिहून दिलं तरी मुलीचा हक्क त्याने बुडत नाही. तिच्या वतीने पुन्हा मागता येतं.

हडपसर_लोकल:

थोडं अवांतर. माझी मैत्रीण मुस्लिम आहे, तलाक झालाय, दोन मुलं. तिला हे हिंदू कायदे लागू नाहीत. तिने पुन्हा निकाह केला तर?

काळाकोट:

अवांतर नाही. कलम १४४ सगळ्या धर्मांना लागू आहे. नूर सबा खातून विरुद्ध मोहम्मद कासिम, १९९७: मुस्लिम मुलांचा बापाकडून पोटगीचा हक्क स्वतंत्र आहे आणि आईच्या तलाकसंबंधीच्या १९८६ च्या कायद्याने तो कमी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. तिचा निकाह झाला तरी मुलांचं चालू राहील. पैशाअभावी अडलं असेल तर शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायला सांगा. बायकांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

अबोली_कोथरूड:

सगळ्यांचे आभार. रानवारा, तुझा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. काही बोलली नाही, पण नंतर फाइल कुठे ठेवलीय ते विचारत होती.

नवीन घडामोड. काल मुलीला सोडायला आले तेव्हा तिचे बाबा म्हणाले, "एवढं असेल तर त्याला रीतसर दत्तक घेऊ दे. माझी संमती आहे, उद्या सही करतो." माझा होणारा नवराही भाबडेपणाने म्हणतोय, की माझं नाव लागलं तर मला आवडेलच. मला कळेना हे चांगलं आहे की वाईट.

शनिपार:

एवढी उदारता! कुठेतरी पाणी मुरतंय.

काळाकोट:

मुरतंयच. ताई, कशावरही सही करू नका, त्यांनाही करू देऊ नका. हे शांतपणे वाचा.

दत्तक झाल्या तारखेपासून मुलगी दत्तक घराची होते आणि जन्माच्या घराशी कायदेशीर नातं तुटतं (हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, कलम १२). म्हणजे बापाची पोटगी खरोखर संपते. पुनर्विवाहाने जे होत नाही ते दत्तकाने होतं, म्हणूनच ही तयारी. आणि एकदा वैध दत्तक झालं की मागे फिरता येत नाही, कलम १५. बापाच्या मालमत्तेतला तिचा पुढचा वारसाहक्कही गेला. एक रविवार आड ती बाबांकडे जाते ना? तो भेटीचा हक्क ज्या नात्यावर टिकलाय तेच नातं उरणार नाही. त्यांनी याचा विचार केलाय का, ते त्यांना एकदा विचारा. पुष्कळ बापांनी केलेला नसतो.

तांत्रिक अटीही आहेत. पुरुषाने मुलगी दत्तक घ्यायची तर त्याचं वय तिच्याहून किमान २१ वर्षांनी जास्त हवं, आणि त्याला आधीची मुलगी नसावी. दुसरा मार्ग बाल न्याय कायद्याखालचा, त्यात सावत्र पालकांची वेगळी प्रक्रिया आहे आणि हुकूम जिल्हाधिकारी देतात. पण हा प्रश्न पोटगी टाळायला म्हणून उपस्थित झालाय, आणि त्या कारणासाठी दत्तक होऊ नये असं माझं स्पष्ट मत. मुलगी मोठी होऊ दे, तिलाही काही म्हणणं असेल. होणाऱ्या यजमानांना सांगा, बाप व्हायला दत्तकपत्र लागत नाही. डबा भरून शाळेत सोडलं तरी पुरतं.

अबोली_कोथरूड:

डबा तो भरतोच, माझ्यापेक्षा बरा. :) दत्तकाचा विषय बंद. विचारलं त्यांना रविवारच्या भेटींचं. "तसं कसं होईल, ती माझी मुलगी आहे" म्हणाले. मग मीही म्हटलं, तेच तर.

मुलीची रक्कम वेगळी करून मागायचा अर्ज दिवाळीआधीच टाकतेय. एक शेवटची भीती: मी लग्न केलं म्हणून ताब्याचा वाद उकरून काढला तर?

काळाकोट:

काढू शकतात, अर्ज करायला कुणालाच बंदी नाही. पण आईने पुन्हा लग्न केलं एवढ्यावर ताबा जात नाही. कोर्ट मुलीचं हित बघतं: शाळा तीच आहे का, नव्या घरात तिची झोपायची-अभ्यासाची सोय काय, ती समुपदेशकांशी काय बोलते. शाळा बदलणार नसाल तर अर्जात तसं लिहा. आणि रविवारच्या भेटी एकही चुकवू नका, पैसे थांबले तरी. पैसे नाहीत तर भेट नाही, हे कोर्टात फार महागात पडतं.

पैसे थांबलेच तर वसुलीचा अर्ज लगेच करा. हुकूम कलम १२५ किंवा १४४ खालचा असेल तर वसुलीचं वॉरंट मागायला देय तारखेपासून एक वर्षाचीच मुदत असते. तुमचा हिंदू विवाह कायद्याखालचा आहे, त्याला मुदत जास्त, पण साचू देऊ नका. चार वर्षांची थकबाकी घेऊन येणाऱ्या बायका पाहतो, आणि समोरचा दरम्यान नोकरी बदलून कुठल्या कुठे गेलेला असतो.

निगडीचा_नाद:

काळाकोट साहेब, माझंही सांगतो. काल मिसेसशी बसून बोललो, कमी करायचा अर्ज नाही करत. फ्लॅटच्या कर्जाची मुदत वाढवून मिळते का ते बँकेत बघतो. पण नोकरीत कपातीची कुणकुण आहे. उद्या खरंच नोकरी गेली तर?

काळाकोट:

तर त्याच आठवड्यात अर्ज करा, कामावरून कमी केल्याचं पत्र आणि शेवटची पगारपत्रकं जोडून. वाट बघू नका. अंगमेहनत करूनही बायको-मुलांना सांभाळायची जबाबदारी टळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग प्रकरणात म्हटलंय, त्यामुळे शून्य होणार नाही. तात्पुरती कमी होऊ शकते.

निगडीचा_नाद:

आणि अर्ज चालू असताना? निकाल लागेपर्यंत झेपेल तेवढे टाकले तर चालतील?

काळाकोट:

काहीच न टाकण्यापेक्षा झेपेल तेवढे नक्की टाका, त्याने तुमची नियत दिसते. पण हुकूम बदलेपर्यंत देणं १८,००० चंच. उरलेले थकबाकीत जातील. अर्जातच अंतरिम सवलत मागा, म्हणजे निकालापर्यंत थांबावं लागणार नाही. आणि पैसे रोख देऊ नका, त्याच्या आईने मागितले तरी. बँकेतूनच, आणि शेऱ्यात मुलाचं नाव आणि महिना.